बिऱ्हाड पाठीवर की शेपटीला?

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. अमेरिकेत मात्र गेली शंभर वर्षं असा वाद चालू आहे, की बिऱ्हाड पाठीवर घ्यावं की शेपटीला बांधावं? पाठीवर म्हणजे व्हॅन. एखादी जुनी, लाख-दीड लाख मैल पळालेली डिलिव्हरी व्हॅन विकत घ्यायची, मागच्या सीटा काढून टाकायच्या, तिथे पलंग, छोटा ओटा आणि पाण्याची टाकी बसवायची, की झालं घर. शेपटीला म्हणजे ट्रेलर. चाकांवरची एक खोली, जिला स्वतःचं इंजिन नाही. आपल्या गाडीच्या मागे हुक लावून ती ओढत न्यायची, मुक्कामाला पोचलं की सोडून ठेवायची आणि मोकळी गाडी घेऊन दूध आणायला जायचं.

आमच्या धंद्यातल्या माणसाला हा वाद लगेच कळतो. व्हॅन म्हणजे टाइट कपलिंग. घर आणि इंजिन एकाच बायनरीत. इंजिन बसलं की घर गॅरेजमध्ये, आणि तुम्ही गॅरेजबाहेरच्या फुटपाथवर. ट्रेलर म्हणजे लूज कपलिंग. ओढणारी गाडी बंद पडली तर दुसरी लावा, घराला धक्का नाही. अर्थात मॉड्यूल दोन म्हणजे विमे दोन, टायर दुप्पट, आणि मधला जोड ही तिसरीच डोकेदुखी. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या जोडावर यावा लागतो. सामान मागच्या बाजूला जास्त भरलं तर वेगात असताना ट्रेलर शेपटासारखा डावीउजवीकडे झुलायला लागतो आणि ओढणाऱ्या गाडीलाच फिरवतो. रिव्हर्स घेताना तर स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं, ते वेगळंच!

व्हॅनलाइफवाल्यांच्या चर्चा बहुतेक इथेच संपतात. मायलेज, गंज, गळकं छप्पर, सोलर पॅनेल. हे सगळं महत्त्वाचं आहे, पण या विषयाचा इतिहास वाचला तर त्यांच्या तक्त्यात एक कॉलम कमी आहे असं वाटायला लागतं. तुम्ही ज्याच्यात झोपता ते घर आहे की वाहन, हे ठरवतं कोण? कारण ते तुम्ही ठरवत नाही. आणि ज्यांनी ठरवलं त्यांनी ते वेळोवेळी मोठ्या सोयीने ठरवलेलं आहे.

सुरुवातीपासून बघू.

१९०८ साली फोर्डची मॉडेल टी आली आणि पुढच्या पंधरा-सतरा वर्षांत तिची किंमत तीनशे डॉलरच्याही खाली गेली. सामान्य माणसाच्या हातात गाडी आल्यावर त्याने पहिली गोष्ट काय केली असेल तर मागे तंबू बांधला आणि थंडीत फ्लोरिडाची वाट धरली. १९१९ मध्ये टँपा शहरातल्या डी सोटो पार्कमध्ये अशा लोकांनी चक्क एक संघटना काढली, 'टिन कॅन टूरिस्ट्स'. डब्यातलं अन्न खाणारे, टिनच्या गाडीतून फिरणारे, आणि ओळखीची खूण म्हणून रेडिएटरवर एक रिकामा डबा डाग देऊन बसवणारे. मराठीत त्यांना टिनपाट टूरिस्ट म्हणायला हरकत नाही, आणि गंमत म्हणजे तेव्हाच्या गावकऱ्यांचं मतही साधारण तेच होतं. आधी गावांनी या मंडळींसाठी फुकट मैदानं उघडली होती. पाणी, चूल, संडास सगळं होतं. पाहुणा आला की दुकानात चार पैसे खर्च करतो, हा हिशोब. मग लक्षात आलं की गाडी स्वस्त झाल्यामुळे पैसे नसलेलेही येतायत आणि महिना महिना हलत नाहीत. तेव्हा, म्हणजे १९२० च्या दशकातच, मैदानांना फी लागली आणि मुक्कामाला मर्यादा आली. पाहुणा आणि उपरा यांच्यातली रेघ पहिल्यांदा इथे ओढली गेली.

त्या काळी लोक दोन्ही प्रयोग करत होते. कुणी ट्रकच्या सांगाड्यावर लाकडी खोली ठोकायचा (त्याला 'हाउस कार' म्हणत), कुणी मागे छोटा गाडा जोडायचा. जिंकला तो गाडा. डेट्रॉइटला आर्थर शर्मन नावाचा एक औषध कंपनीवाला होता. त्याने सुट्टीसाठी घडीचा तंबू-ट्रेलर विकत घेतला. पाच मिनिटांत उघडतो अशी जाहिरात होती. पावसात उघडायला गेल्यावर पाच मिनिटांचं काय झालं असेल ते सांगायला नको! त्याने १९२९ मध्ये स्वतःच एक पक्क्या भिंतींचा ट्रेलर बनवून घेतला. मुलांनी त्याला नाव दिलं 'कव्हर्ड वॅगन', म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या वसाहतवाल्यांची ती कापडी छपराची बैलगाडी. १९३६ पर्यंत त्या नावाची कंपनी देशातली सगळ्यात मोठी ट्रेलर कंपनी झाली होती.

ट्रेलर का जिंकला? कारण गाडी लोकांकडे आधीच होती. मंदी चालू होती. नोकरी शोधत हिंडायचं तर आहे त्या गाडीला एक खोली जोडणं हे वेगळं घर-वाहन घेण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडायचं. (वरच्या थराचा मालही होता. १९३६ साली वॉली बायमच्या एअरस्ट्रीम कंपनीने रिव्हेट मारलेला चकचकीत अ‍ॅल्युमिनिअमचा 'क्लिपर' काढला, किंमत १२०० डॉलर. तेवढ्यात फोर्डच्या दोन नव्या गाड्या आल्या असत्या.) रॉजर बॅबसन नावाच्या अर्थपंडिताने तर त्याच सुमारास भाकीत केलं, की वीस वर्षांत निम्मी अमेरिका ट्रेलरमध्ये राहत असेल. बॅबसनने १९२९ ची पडझड आधीच वर्तवली होती, त्यामुळे लोक त्याचं ऐकत.

भाकीत ऐकून गावांना मात्र धडकी भरली. निम्मी अमेरिका चाकांवर म्हणजे मालमत्ता कर भरणार कोण? ही माणसं आपल्या शाळेत मुलं पाठवणार, आपल्या विहिरीचं पाणी पिणार आणि कराची वेळ आली की हुक लावून निघून जाणार! मग १९३६ साली मिशिगन राज्यातल्या ऑर्चर्ड लेक या गावात एक खटला उभा राहिला. एक माणूस आपला ट्रेलर लावून त्यात राहत होता. गावाचा नियम असा, की राहतं घर किमान चारशे चौरस फुटांचं पाहिजे. आता ट्रेलर चारशे चौरस फुटांचा कसा असणार? पण ट्रेलर घर आहे हे आधी ठरायला तर हवं. न्यायाधीशाने ठरवलं. स्वयंपाक करता येतो, झोपता येतं, म्हणजे हे माणसाचं राहतं घर. आणि घर आहे म्हणून घराचा नियम लागू, आणि नियमापेक्षा लहान आहे म्हणून माणूस दोषी.

बघा हं, घर म्हणून मान्यता मिळाली ती फक्त घर म्हणून नापास करण्यापुरती.

पुढे युद्ध आलं आणि हेच ट्रेलर अचानक सरकारला गोड वाटायला लागले. डेट्रॉइटजवळ विलो रन इथे फोर्डचा प्रचंड बॉम्बर कारखाना उभा राहिला. हजारो कामगार आले आणि त्यांना राहायला घरं नव्हती. सरकारने स्वतः हजारोंनी ट्रेलर विकत घेतले आणि अशा कारखान्यांच्या शेजारी रांगेने उभे केले. तात्पुरते, अर्थातच. युद्ध संपलं, घरांची टंचाई संपली नाही, लोक त्या डब्यांतच राहिले.

इथे ट्रेलरच्या गोष्टीला जे वळण लागतं ते मला सगळ्यात रोचक वाटतं. रस्त्याच्या नियमानुसार ओढायची वस्तू आठ फुटांपेक्षा रुंद नको. आठ फुटांत पलंग लावला की उरते ती बोळकांडी, आणि शेवटच्या खोलीत जायला सगळ्या खोल्यांतून जावं लागतं. १९५० च्या दशकाच्या मध्यावर विस्कॉन्सिनमधल्या एल्मर फ्रेने म्हटलं, की लोक जर वर्षानुवर्षं ट्रेलर हलवतच नाहीत, तर आठ फुटांचा हट्ट कशाला? त्याने दहा फुटी काढला. हलवताना खास परवाना लागेल, पण हलवणार एकदा, कारखान्यातून जागेपर्यंत. दोन फूट वाढले आणि बोळ निघाली, बोळ निघाली म्हणजे बेडरूमला दार आलं, नवराबायकोला खाजगीपणा आला. या वस्तूला तो ट्रेलर म्हणायला तयार नव्हता. तो म्हणायचा 'मोबाइल होम'. आणि जे खऱ्या अर्थाने मोबाइल राहिलं नव्हतं त्याला नेमकं त्याच वेळी मोबाइल हे नाव मिळालं. (आमच्याकडेही प्रॉडक्टची नावं अशीच पडतात.)

१९७४ साली या घरांसाठी केंद्रीय कायदा झाला आणि १९७६ पासून त्याची मानकं लागू झाली. त्या कायद्याच्या व्याख्येत एक अट होती: घर कायमच्या चासीवर बांधलेलं पाहिजे. म्हणजे आयुष्यात एकदाच रस्त्यावर येणाऱ्या घराच्या पोटात तो लोखंडी सांगाडा जन्मभर ठेवायचा. अनेक राज्यांत या घराची नोंद जमिनीच्या दप्तरात न होता वाहनांच्या खात्यात होते. आपल्याकडच्या आरटीओत फ्लॅटची नोंद करण्यासारखंच की! त्यामुळे कर्ज मिळतं तेही गृहकर्ज नव्हे, वाहनासारखं, जास्त व्याजाचं. आणि घर तुमचं असलं तरी खालची जागा ट्रेलर पार्कच्या मालकाची. तो भाडं वाढवतो. तुम्ही रागाने म्हणता, जातो मी घर घेऊन. पण हलवायला हजारो डॉलर लागतात, जुनं घर असेल तर वाटेतच मोडतं, आणि दुसरा पार्क जुनं घर आत घेत नाही. मालकाला हे सगळं पक्कं ठाऊक असतं. अशा घरांत आज सुमारे दोन कोटी अमेरिकन राहतात. चाकं असल्यामुळे घराचे हक्क नाहीत आणि चाकं नावापुरतीच असल्यामुळे पळून जाण्याची सोय नाही.

१९६० साली जॉन स्टाइनबेक आपल्या चार्ली नावाच्या कुत्र्याला घेऊन देशभर फिरला, तेव्हा त्याच्याकडे ट्रक होता आणि त्याच्या पाठीवर खोली होती. नाव ठेवलं होतं रोसिनान्ते, डॉन किहोटेच्या घोड्याचं. वाटेत त्याला हे मोबाइल होमवाले भेटले आणि त्याला त्यांचं फार कुतूहल वाटलं. मला त्या भेटीची गंमत वाटते ती अशी, की चाकांवरच्या घरात राहणारी दोन्ही माणसं समोरासमोर आहेत, पण त्यातला प्रवास करतोय एकच.

आता पाठीवरच्या बिऱ्हाडाकडे येऊ. फोक्सवॅगनची व्हॅन १९५० मध्ये बाजारात आली आणि पुढच्याच वर्षी वेस्टफालिया या जर्मन कंपनीने तिच्यात बसवायला पलंग-कपाटाचा संच काढला. अमेरिकेत १९६१ पासून फोर्डची इकोनोलाइन होती, मुळात माल वाहणारी. आणि १९६६ मध्ये आयोवाच्या विनेबेगो कंपनीने मोटारहोम गाड्यांसारखे असेंब्ली लाइनवर काढायला सुरुवात केली, त्यामुळे किंमत एकदम उतरली. ट्रेलर जसजसा जमिनीत रुतत गेला तसतशी हलण्याची हौस आणि गरज व्हॅनकडे सरकली.

या व्हॅनशी आपला संबंध आला तो गोव्यात. साठच्या दशकाच्या शेवटापासून ते १९७९ पर्यंत युरोपातून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान अशी 'हिप्पी ट्रेल' चालायची. तिच्यातल्या कितीतरी जुन्या फोक्सवॅगन आणि मर्सिडीज व्हॅन हणजुण्याच्या माडांखाली हिवाळाभर उभ्या असत. ट्रेलर घेऊन येणारे विरळा. (एअरस्ट्रीमवाल्यांनी १९६३-६४ मध्ये जगप्रवासाचा मोठा काफिला काढला होता, पण तो आगाऊ परवानग्या आणि दिमतीला माणसं असलेला प्रकार.) घाटात, सीमेवरच्या रांगेत, नदीच्या तराफ्यावर शेपूट नको असतं. आणि ती व्हॅन इथे सहज विकून मोकळं होता यायचं नाही. 'कार्ने' नावाच्या कागदावर जी गाडी आत आली ती बाहेर गेलीच पाहिजे, नाहीतर जबर कस्टम ड्यूटी. म्हणजे हणजुण्याला त्या व्हॅनमध्ये कुणी सहा महिने संसार केला तरी कस्टमच्या लेखी ती गाडीच. मग १९७९ साली इराणात क्रांती झाली, वर्षाअखेर रशियन फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, आणि तो रस्ताच बंद झाला.

त्याच १९७९ मध्ये, मे महिन्यात, सॅन डिएगो शहरात एक प्रकरण घडलं. भर शहरातल्या एका पार्किंग लॉटमध्ये एक डॉज मोटारहोम उभं होतं, खिडक्यांचे पडदे ओढलेले. आत गांजाचा व्यवहार चालतो अशी केंद्रीय अमली पदार्थ खात्याच्या लोकांना खबर. ते दारात गेले, एक जण आत शिरला, समोर टेबलावर गांजा दिसला. वॉरंट काढलेलं नव्हतं. अमेरिकेत घराच्या झडतीला वॉरंट लागतं, गाडीच्या झडतीला सबळ संशय पुरतो, कारण वॉरंट आणेपर्यंत गाडी पळून जाईल. मग हे काय होतं? आत पलंग, कपाटं, फ्रिज. बाहेर चाकं आणि इंजिन.

कॅलिफोर्नियाच्या वरिष्ठ कोर्टाने सांगितलं, घर. १९८५ मध्ये केंद्रीय सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितलं, वाहन. मुख्य न्यायाधीश बर्गर यांचं म्हणणं थोडक्यात असं: किल्ली फिरवली की जे निघून जाऊ शकतं ते वाहन, आणि रस्त्यावरच्या वाहनावर सरकारचे इतके नियम असतात की त्यात घराइतक्या खाजगीपणाची अपेक्षा धरता येत नाही. विरोधी मत लिहिणाऱ्या न्यायाधीश स्टीव्हन्स यांनी एक साधी गोष्ट दाखवून दिली, की ही गाडी कोर्टापासून काही चौकांवरच उभी होती आणि वॉरंट द्यायला तिथे डझनांनी मॅजिस्ट्रेट बसलेले होते. कुठे पळून जात होती?

पण मला खरा रस आहे तो या निकालातल्या एका तळटीपेत. कोर्ट म्हणतं, की मोटारहोम विटांवर किंवा ठोकळ्यांवर चढवलेलं असेल, त्याला वीज-पाण्याची जोडणी दिलेली असेल, रजिस्ट्रेशन नसेल, रस्त्यावर यायला सोपी वाट नसेल, तर काय होईल, हे आम्ही आज ठरवत नाही. म्हणजे जितके तुम्ही रुताल तितकं ते घर व्हायची शक्यता वाढेल. आता ऑर्चर्ड लेकचा निकाल याच्या शेजारी ठेवा. १९३६ मध्ये रुतलात तर घर, म्हणून नियमात बसत नाही, निघा. १९८५ मध्ये न रुतता राहिलात तर वाहन, म्हणून दार उघडा. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना! दोन्ही निकाल आपापल्या जागी तर्काला धरून आहेत हे मला मान्य आहे. अमली पदार्थाच्या गुन्हेगाराबद्दल मला काही कळवळाही नाही. पण हा नियम लागू झाला तो खिडकीला पडदा लावून झोपणाऱ्या प्रत्येकाला.

२००८ च्या मंदीनंतर अशा झोपणाऱ्यांची संख्या वाढली. घर गेलेले, पेन्शन बुडालेले, साठी ओलांडलेले लोक जुन्या गाड्यांत राहायला लागले आणि हंगामी कामं करत राज्याराज्यांतून फिरायला लागले. अ‍ॅमेझॉनने तर त्यांना गोदामात कामाला घेण्यासाठी 'कॅम्परफोर्स' नावाची खास योजनाच काही वर्षं चालवली. जेसिका ब्रूडर या पत्रकार बाईंनी त्यांच्यावर लिहिलेलं 'नोमॅडलँड' हे पुस्तक २०१७ मध्ये आलं. त्यावरच्या सिनेमाला २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. सिनेमा बऱ्याच जणांनी पाहिला असेल, पुस्तक कमी जणांनी वाचलं असेल, म्हणून एक फरक सांगतो. सिनेमातली फर्न जुन्या व्हॅनमध्ये राहते. पुस्तकातली मुख्य व्यक्ती लिंडा मे मात्र ट्रेलरमध्ये राहते, १९७४ साली बनलेल्या जेमतेम दहा फुटी फायबरग्लासच्या डब्यात. त्याचं नाव तिने 'स्क्वीझ इन' ठेवलेलं आहे आणि तो ती जीपला जोडून ओढते.

सिनेमावाल्यांनी व्हॅन का घेतली असेल? चित्रीकरणाची सोय असेलच. पण एकटं माणूस, रात्री अनोळखी गावात, दारावर कुणीतरी टकटक करतंय, हे दृश्य व्हॅनमध्ये जास्त बोचतं. टकटक झाली की पलंगावरून थेट स्टिअरिंगवर येता येतं, बाहेर पाऊल न ठेवता. व्हॅनमध्ये राहणाऱ्या बायका हे कारण हमखास सांगतात, आणि ट्रेलरकडे याला उत्तर नाही. उलट लिंडा मेचं गणित वेगळं. तिला कधीतरी जमीन घेऊन स्वतःच्या हाताने घर बांधायचं होतं. ज्याला शेवटी थांबायचं आहे त्याच्यासाठी ट्रेलर बरा. कामावर मोकळी जीप घेऊन जाता येते, आणि जीप मेली तरी घर जिवंत राहतं.

थांबायला जागा असेल तर! अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात क्वार्ट्झसाइट गावाजवळ सरकारी जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल राहायचा परवाना अनेक वर्षं १८० डॉलरला मिळत आला. इतर बहुतेक मोकळ्या सरकारी जमिनीवर चौदा दिवस फुकट, मग हलायचं. तिथे दोन्ही चालतात, आणि मोकळेपणाने जगायचं तर ट्रेलरच ऐसपैस. शहरात मात्र गाडीपासून सोडलेला ट्रेलर रस्त्यावर ठेवायला बहुतेक ठिकाणी बंदी आहे. तिथे चालते ती पांढरी, खिडक्या नसलेली, प्लंबरची वाटावी अशी व्हॅन. बॉब वेल्स, जो या मंडळींचा जवळजवळ गुरुजी झाला, त्याने १९९५ मध्ये घटस्फोटानंतर अलास्कात अशीच एक जुनी डबा-व्हॅन घेऊन सुरुवात केली होती. हौसेच्या मंडळींना व्हॅन दिसायला हवी असते (इन्स्टाग्राम!), गरजूंना ती दिसायला नको असते. जुन्या व्हॅनच्या बाजारात हे दोन्ही गिऱ्हाईक एकाच गाडीसाठी भांडतात, आणि किंमत कुणामुळे वाढते ते सांगायला नको.

सिअ‍ॅटलमध्ये ऑक्टोबर २०१६ मध्ये किरकोळ बांधकामाची कामं करणाऱ्या एका माणसाचा ट्रक पालिकेने उचलून नेला. एका जागी ७२ तासांपेक्षा जास्त उभा होता म्हणून. ट्रक २००० सालचा जीएमसी, बिघडलेला, म्हणून हलवता आला नव्हता. तो त्याच ट्रकमध्ये राहायचा आणि कामाची हत्यारंही त्यातच होती. महिन्याची कमाई चारशे ते सातशे डॉलर, आणि ट्रक सोडवायचा खर्च सवलत देऊन ५४७ डॉलर. टाइट कपलिंग म्हणतात ते हे: इंजिन, घर आणि धंदा, तिन्ही एका क्रेनने उचलले जातात. प्रकरण राज्याच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये कोर्टाने म्हटलं, की या माणसाचा ट्रक हे कायद्याने संरक्षित राहतं घर आहे आणि त्याच्या ऐपतीला ही रक्कम म्हणजे अवाजवी दंड आहे. पंच्याऐंशी वर्षांपूर्वी मिशिगनमध्ये चाकांवरच्या बिऱ्हाडाला कोर्टाने घर म्हटलं होतं ते त्याला हाकलायला. सिअ‍ॅटलमध्ये म्हटलं ते त्याला वाचवायला. मात्र हा निकाल एका राज्यापुरता. २०२४ मध्ये ग्रँट्स पास या ओरेगनमधल्या गावाच्या खटल्यात केंद्रीय सुप्रीम कोर्टाने सार्वजनिक जागी मुक्काम ठोकणाऱ्यांना दंड करायची गावांना मुभा दिली, आणि त्या गावाच्या नियमात गाडीतली झोपही मोडत होती.

आपल्यातले जे बे एरियात आहेत त्यांनी माउंटन व्ह्यूच्या रस्त्यांवर या गाड्यांच्या रांगा पाहिल्या असतील. गुगलचं मुख्यालय त्याच शहरात. नोव्हेंबर २०२० मध्ये तिथल्या मतदारांनी 'मेझर सी' मंजूर केला: अरुंद रस्त्यांवर मोठ्या आकाराच्या गाड्या उभ्या करायच्या नाहीत. 'राहणं' हा शब्दच टाळला होता. फक्त माप दिलं होतं, बावीस फुटांपेक्षा लांब किंवा सात फुटांपेक्षा रुंद किंवा उंच. मोटारहोम आणि मोठे ट्रेलर त्या मापात बसत नाहीत. उंच छपराच्या, आत ताठ उभं राहता येईल अशा नव्या व्हॅनही बसत नाहीत. फोर्डची जुनी, बुटकी इकोनोलाइन, जिच्यात वाकूनच वावरावं लागतं, ती जेमतेम बसते.